लाल बिल्ले

डब्याचं झाकण उघडलं आणि मी कपाळाला हात लावला.

“इंदूताई, हे काय केलंत?”

“काय केलं म्हणजे? घासली. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. दोन दिवस बोटं चुरचुरत राहिली माझी. पण बघ ना कशी झाली.”

झाली होती खरी. शिवराया, तराजूछाप पैसे, कंपनीच्या काळातले पाव आणे, एक भोकाचा पैसा, सगळी मंडळी गणपतीच्या आरतीला निघाल्यासारखी लखलखत होती. जुनी तांब्याची नाणी विकायला आणणारी बहुतेक माणसं हाच घोळ घालतात. आपल्याकडे तांबं म्हणजे घासायची वस्तू. देवाचं ताम्हन घासतो, पाण्याचा हंडा घासतो, मग आजोबांच्या शिवराईनं काय पाप केलं? तिच्यावर चढलेली काळपट कळा हीच तिची अर्धी किंमत असते, हे मी सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. काळं नाणं महाग आणि स्वच्छ नाणं स्वस्त, म्हणजे ही बाई नक्की फसवतेय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

या गोष्टीला आता पंधराएक वर्षं होऊन गेली. नाशकात भांडी बाजारामागच्या गल्लीत आमचा तांबटाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि माझे वडील, अण्णा. स्टीलची भांडी आली, हंडे-घंगाळं गेली, आणि अण्णांचे हात थकल्यावर त्याच खोलीत मी जुन्या नाण्यांचं दुकान मांडलं. ज्या तांब्याला अण्णा आयुष्यभर ठोकत आले, त्याच्याकडे मी भिंगातून बघू लागले. अण्णा दिवसभर दाराजवळच्या बाकावर बसायचे. ठोक्यांनी त्यांचे कान गेले होते, त्यामुळे आमच्या दुकानात कुठलीही किंमत गुपचूप सांगता येत नसे.

इंदूताई निकम आमच्या गल्लीच्या टोकाला खाणावळ चालवत. नवरा लवकर गेला, तेव्हापासून एकटीनं चालवलेली. बँकेतले कारकून, पोरसवदा विद्यार्थी, बाजारातले हमाल, सगळे तिथे एका पंगतीत जेवत. आता गुडघे संपले म्हणून त्या खाणावळ बंद करणार होत्या.

“रविवारी शेवटची पंगत,” त्या म्हणाल्या. “जुन्या-नव्या सगळ्यांना बोलावलंय. श्रीखंड करावं म्हणते. गल्ल्यात वर्षानुवर्षं जमलेलं हे जुनं तांबं, त्यात भागलं तर बघ.”

“न घासता आणली असती तर बासुंदीही झाली असती.”

“टोमणे मारू नको. भाव सांग.”

मी नाणी वेगळी करायला लागले. शिवराया एकीकडे, पैसे एकीकडे. माणूस असो की नाणं, मी आधी पाठ बघते. तोंड सगळ्यांचं सांभाळलेलं असतं, झीज कळते ती पाठीवर. डब्याच्या तळाशी एक कापडी पिशवी होती. ती उलटी केली तर खाणावळीचे बिल्ले खळकन बाहेर पडले. रुपयाएवढे गोल, वर तारेत ओवायला भोक, आणि मधोमध ठसा, ‘निकम, एक थाळी’.

“हे कशाला आणलेत?”

“गिरणीचे, खाणावळीचे बिल्लेसुद्धा लोक विकत घेतात, असं तूच म्हणाली होतीस ना गणपतीत. म्हणून हेसुद्धा घासून काढले. आमच्याकडे पद्धत कशी, महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि बिल्ले न्यायचे. जेवायला बसलं की ताटाजवळ बिल्ला ठेवायचा. वाढप्यानं तो उचलायचा, पाण्याच्या बादलीत टाकायचा, मग वाढायला घ्यायचं. उधारी नाही, भांडण नाही. इतक्या वर्षांत माझ्या खाणावळीत एकच चोर निघाला.”

“कोण?”

“सुकदेव. वाढपी होता. चांगला होता गं, म्हणून तर जास्त लागलं. मी जेवढे बिल्ले विकायची त्याच्यापेक्षा जास्त बादलीत निघू लागले. म्हणजे कोणीतरी बादलीतले काढून परत बाहेर देतंय ना? बादलीला हात दोघांचाच. माझा आणि त्याचा. भर पंगतीत त्याच्या हातातून वाढप काढून घेतलं आणि हाकलला. अन्नावर हात ठेवून शपथ घेत होता. म्हटलं, अन्नाला तरी सोड.”

मी ऐकत होते, पण माझं लक्ष बिल्ल्यांकडे लागलं होतं. पितळेच्या पिवळ्या ढिगात मधेमधे काही लाल दिसत होते. मी ते निवडून बाजूला ठेवले. मूठभर निघाले.

“ताई, बिल्ले दोन प्रकारचे केले होते का? हे तांब्याचे आहेत.”

“छे. सगळे पितळेचे. एकदाच केले, एकाच माणसाकडून. ते लाल मलाही घासतानाच दिसले. तेलकट हातांनी सगळेच काळे पडलेले होते, कोण ओळखणार? मला वाटलं, पितळेचा रंग उतरला असेल.”

“पितळेचं तांबं होत नाही.”

“मंग?”

मला खरंच गंमत वाटायला लागली. या धंद्यातलं सुख विकण्यात नाही, अशा वेळी आहे. मी मनातल्या मनात शक्यता मांडू लागले. नमुन्याचे पहिले बिल्ले असतील, किंवा पितळ संपलं म्हणून कारागिरानं तांब्यात उरकले असतील. नमुन्याचे असतील तर इंदूताईंचं श्रीखंड आणि वर पुऱ्याही निघत होत्या. मी एक पिवळा आणि एक लाल शेजारीशेजारी ठेवला. ठसा तोच वाटत होता, पण लाल बिल्ल्यावरच्या ‘थाळी’चा काना जरा जास्त सरळ होता. पिवळ्याची कड खरबरीत होती, लालची कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. म्हणजे हा बिल्ला दुसऱ्या हातचा होता आणि तो हात पहिल्यापेक्षा चांगला होता.

मग मी तो उलटा केला आणि भिंग डोळ्याला लावलं.

पाठ सपाट नव्हती. तिच्यावर बारीक बारीक ठोके होते, एकाला एक लागून, ओळीनं, कडेकडून मधे येत गेलेले. तांबट हंडा करतो तेव्हा शेवटी गुळगुळीत हातोड्यानं सबंध अंगभर असे ठोके घालतो. त्याला माठार म्हणतात. त्यानं भांडं घट्ट होतं आणि चमकतं. हंड्याला माठार असतो, घंगाळ्याला असतो. रुपयाएवढ्या बिल्ल्याला, आणि तोही मागच्या बाजूनं, माठार घालणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आणि तरी तो मला ओळखीचा वाटत होता. प्रत्येक घराचा माठार वेगळा असतो. कुणाचे ठोके लांबट पडतात, कुणाच्या ओळी तिरक्या जातात. हा माठार कडेला दाट होता आणि मधे येताना एक ओळ सोडून अर्ध्या ठोक्यानं सरकत होता. आमच्या घरातल्या पाण्याच्या हंड्यावर तो असाच होता. लहानपणी ताप आला की मी त्या हंड्याला गाल लावून बसायची आणि बोटानं त्या ओळी मोजायची.

मी भिंग खाली ठेवलं आणि उगाचच पुन्हा उचललं.

“काय झालं?” इंदूताई म्हणाल्या.

“हे तुमचे नाहीत, ताई. कुणीतरी नकली केलेत.”

मी हे बोलून गेले, आणि पुढचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना बघितलं. बाई हिशेबाला पक्की होती. नकली बिल्ले बाहेरून येत होते, म्हणून बादलीत जास्त निघत होते, म्हणजे बादलीतून कुणी काही काढत नव्हतं. त्यांना हे सांगायला माझी गरज नव्हती. त्यांनी लाल बिल्ल्यांवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“म्हणजे सुकदेवनं नाही घेतले,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“तो शपथ घेत होता आणि मी...” मग एकदम करड्या आवाजात त्यांनी विचारलं, “कुणी केले? बघून कळतं का तुला?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. माझ्याशिवाय गावात त्या ठोक्यांची ओळख असलेलं कुणी उरलं नव्हतं. ‘इतक्या वर्षांनी कसं कळणार’ म्हटलं असतं तर इंदूताईंनी मान हलवली असती, चहा घेऊन गेल्या असत्या. पण मग सुकदेव निर्दोष असूनही त्याच्यावरचा संशय पुरता फिटला नसता. चोर सापडत नाही तोवर लोक पहिल्यालाच चोर म्हणतात. आणि दाराजवळच्या बाकावर माझे वडील रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

मी उठले, एक लाल बिल्ला अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, “अण्णा, हा माठार कुणाचा?”

अण्णांनी तो बघितलाच नाही. नुसता अंगठा फिरवला, पुढून एकदा, मागून एकदा. मग हळूच आमच्याकडे वळून बसले.

“माझा,” ते म्हणाले.

इंदूताई उठून त्यांच्या कानाशी आल्या. “वामनराव, तुम्ही?”

“स्टील आलं त्या वर्षी. हंडा कुणी घेईना. व्यापारी म्हणाला, आता फक्त मोडीतलं भंगार आणा. कारखान्यात पत्र्याचे तुकडे पडले होते.” अण्णा एकेक वाक्य वेगळं काढून बोलत होते. “एक थाळी मी तिथे जेवायचो. एका थाळीचा डबा घरी आणायचो.”

तो डबा मला आठवला. अॅल्युमिनियमचा, कडीवाला. त्यातली मटकीची उसळ आणि गुरुवारचा शिरा मी आणि आई खायचो. ‘निकमांकडे भांड्यांचं काम चाललंय, त्याच्याबद्दल देतात,’ असं अण्णा सांगायचे. मला तो शिरा इतका आवडायचा की मी शाळेत गुरुवार मोजायची. आता त्या शिऱ्याची चव आठवून मला लाज वाटली आणि भूकही आठवली. दोन्ही एकदम वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“माझ्याकडे येऊन सांगितलं असतं तर मी जेवायला घातलं नसतं का?” इंदूताईंचा आवाज चढला.

“घातलं असतं. माझ्याच्यानं मागवलं नाही.”

“आणि चोरी करवली?”

“चोरी वाटायची नाही,” अण्णा म्हणाले. “एकेका बिल्ल्याला अर्धा दिवस जायचा. ठसा कोरायचा, कड घासायची. वाटायचं, काम करून जेवतोय.”

“पण मेल्या, पाठीमागे नक्षी कशाला काढत बसलास?” इंदूताईंनी वामनराव सोडून दिलं होतं. “कुणी एकानं जरी उलटा करून बघितला असता तर त्याच दिवशी सापडला असतास.”

अण्णांनी बिल्ला पुन्हा अंगठ्याखाली घेतला. “सपाट पत्रा तसाच सोडवेना.”

मग इंदूताईंनीच तो प्रश्न विचारला, जो मी विचारायला धजत नव्हते. “सुकदेवला हाकलला ते ठाऊक होतं तुम्हाला?”

“त्या पंगतीत होतो,” अण्णा म्हणाले. “त्या दिवसापासून एकही केला नाही.”

“पण बोलला नाहीत.”

“नाही.”

मला त्यांचा राग आला. इतका की मी दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं, कारण रस्त्यानं जाणारं कुणी आत डोकावलं असतं तर मी रडलेच असते.

सुकदेव पंचवटीत फुटाण्याची गाडी लावतो, हे इंदूताईंना माहीत होतं. त्या रस्त्यानं जायच्या नाहीत, इतकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. ताठ, बारीक अंगाचा माणूस होता, पांढऱ्या मिशा, कढईतली वाळू हलवत होता. इंदूताईंना बघून त्याचा हात थांबला नाही.

“सुकदेव, मी चुकले,” इंदूताई म्हणाल्या आणि लाल बिल्ले त्याच्या गाडीवर ठेवले. सगळं सांगितलं. अण्णा खाली मान घालून उभे होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं.

सुकदेवनं चाळणीनं फुटाणे उपसले, वाळू झटकली, गॅस बारीक केला. मग अण्णांकडे बघून विचारलं, “तुम्ही होता त्या दिवशी?”

मी त्याचं बोलणं अण्णांच्या कानात ओरडून सांगू लागले. अण्णा म्हणाले, “होतो.”

“कुठं बसले होते?”

“भिंतीकडून तिसरा पाट.”

“मंग मीच वाढलं असेल तुम्हाला.” त्यानं एक बिल्ला उचलला, उन्हात धरला, परत ठेवला. “कोणत्या खाणावळीत ठेवला नाही मला. मंगल कार्यालयातसुद्धा नाही. जाईन तिथे आधी नाव पोचायचं. बायको म्हणायची, तू घेतलेच असशील, मला तरी खरं सांग. ती गेली तसंच समजून.”

इंदूताई म्हणाल्या, “काय करू सांग.”

“मला काही नको,” सुकदेव म्हणाला. “तुम्ही पंगतीत म्हणाला होता ना. पंगतीतच सांगा. आणि यांनी सांगावं, तुम्ही नाही.”

त्यानं एक लाल बिल्ला तेवढा खिशात टाकला आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा वाळू हलवायला लागला.

परतताना रिक्षात इंदूताईंनी विचारलं, “या लाल बिल्ल्यांचा भाव काय गं?”

मी खरं ते सांगितलं. हौशी गिऱ्हाईक असलं तर अस्सलपेक्षा नकलीला जास्त मोल देतं, त्यातून असा माठार घातलेला बिल्ला कुणी बघितलाही नसेल. इंदूताईंनी ते ऐकलं, पिशवीची गाठ मारली आणि कमरेला खोचली. श्रीखंड शेवटी त्या घासलेल्या शिवरायांवरच झालं.

रविवारी खाणावळ भरली. जुने लोक टक्कल घेऊन आले होते, तेव्हाची पोरं नातवंडं घेऊन. दोन्ही भिंतींना पाट मांडले होते. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. सकाळपासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते. घरातून निघताना मात्र त्यांच्या बटणांची चूक माझ्या लक्षात आली, आणि मी ती काढून नीट लावून दिली.

सुकदेव येईल की नाही, याची इंदूताईंना धास्ती होती. तो आला, पण आत येईना. दारात चपला घालूनच उभा राहिला.

अण्णा पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते बोलले ते पार गल्लीत ऐकू गेलं असेल. “मी वामन तांबट. या खाणावळीचे नकली बिल्ले मी केले. त्याचा आळ सुकदेववर आला. तो इथून चोर म्हणून गेला, तेव्हा मी तिथे बसून जेवत होतो.” त्यांनी भिंतीकडच्या तिसऱ्या पाटाकडे बोट दाखवलं. “त्यानं काही घेतलं नव्हतं.”

एक म्हातारे कारकून होते, त्यांनी नकळत ताटातला हात मागे घेतला. मला अण्णांचा अजून राग होता आणि तरी त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटत होतं. मी गेले नाही. ते काम त्यांचं होतं.

सुकदेवनं दारात चपला काढल्या. आत आला, आणि थेट त्या तिसऱ्या पाटावर बसला. खिशातून लाल बिल्ला काढला आणि रिवाजाप्रमाणे ताटाजवळ ठेवला.

इंदूताई भाजीचं भांडं घेऊन त्याच्याकडे निघाल्या, तर अण्णांनी ते त्यांच्या हातातून घेतलं. आयुष्यात त्यांनी घरातसुद्धा कुणाला कधी वाढलं नव्हतं. ते वाकले आणि सरळ भाजीचा पळा ताटाकडे नेला.

सुकदेवनं ताटावर हात आडवा धरला.

सगळी पंगत बघत होती. अण्णा पळा धरून तसेच वाकून राहिले. मला वाटलं, हा माणूस आता उठून जाणार.

“आधी बिल्ला उचला,” सुकदेव म्हणाला. अण्णांना ऐकू आलं नसावं, म्हणून त्यानं बोटानं दाखवला. अण्णांनी भांडं खाली ठेवून बिल्ला उचलला. “आता उलटा करून बघा. मी कधी बघितला नाही, तुम्ही बघा.”

हे मात्र त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की अण्णांनाही ऐकू गेलं. त्यांनी बिल्ला उलटा केला. आपलेच ठोके बराच वेळ बघत राहिले.

“ठेवा बादलीत,” सुकदेवनं ताटावरचा हात काढला आणि ताटाच्या वरच्या कडेवर बोट टेकवलं. “भाजी मागाहून. पहिलं मीठ, इथं.”

अण्णा मीठ आणायला गेले.